लिनक्समध्ये युजर ग्रुप म्हणजे काय? सभासद कसे जोडायचे, कसे काढायचे आणि एका अक्षराची चूक कशी टाळायची

मित्रांनो, समजा देवळाली प्रवरातलं एक घर आहे. घरात एकच लॅपटॉप, तोही जुना. विंडोज फार हळू चालायला लागलं म्हणून दादाने त्यावर उबुंटू टाकलं. दादा इंजिनीअरिंगला, ताई राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकते आणि छोटू दहावीला. तिघांची तीन वेगळी खाती. आता ताईला तिचे नोट्स छोटूला द्यायचेत, छोटूला प्रिंटर हवाय आणि ताईला जमिनीतला ओलावा मोजणारं सेन्सर लॅपटॉपला जोडायचंय. प्रत्येक वेळी एकच उत्तर मिळतं: परवानगी नाही.

यावर सगळ्यात सोपा वाटणारा उपाय म्हणजे दादाचा पासवर्ड सगळ्यांना सांगून टाकणं. आणि सगळ्यात चुकीचा उपायही तोच. बरोबर उपायाचं नाव आहे ग्रुप. आज आपण ग्रुप म्हणजे काय, त्यात माणूस कसा जोडायचा, कसा काढायचा आणि ज्या एका अक्षरामुळे लोक स्वतःच्याच लॅपटॉपबाहेर अडकतात ती चूक कशी टाळायची, हे सगळं बघणार आहोत.

## ग्रुप म्हणजे नेमकं काय?

ग्रुप म्हटलं की आपल्याला व्हॉट्सॲप आठवतं. लिनक्समधला ग्रुप बोलण्यासाठी नसतो, तो हक्कासाठी असतो. हे समजायला आपल्या भागातलंच उदाहरण चांगलं आहे. प्रवरेच्या या पट्ट्यात, लोणीला, १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. तेव्हापासून इथल्या घरोघरी 'सभासद' हा शब्द माहीत आहे. एकच शेतकरी कारखान्याचा सभासद असतो, दूध संस्थेचाही असतो आणि सोसायटीचाही असतो. जिथे नाव नोंदवलं तिथला हक्क मिळतो. नोंदवहीत नाव नसेल, तर तोंडओळख कितीही असली तरी उपयोग नाही.

लिनक्समध्ये अगदी हेच आहे. ग्रुप म्हणजे संस्था, युजर म्हणजे सभासद आणि नोंदवही म्हणजे /ईटीसी/ग्रुप ही फाइल. फाइल, फोल्डर किंवा एखादं उपकरण ग्रुपच्या नावावर केलं की त्या ग्रुपच्या सगळ्या सभासदांना ते वापरता येतं. कोणाचाही पासवर्ड कोणाला द्यावा लागत नाही.

नोंदवहीतली एक ओळ साधारण अशी दिसते:

अभ्यास:एक्स:१००५:ताई,छोटू

पहिलं ग्रुपचं नाव, मग पासवर्डची जागा (तिथे नुसतं एक्स असतं), मग ग्रुपचा नंबर आणि शेवटी स्वल्पविराम देऊन सभासदांची नावं. बस, एवढंच.

## तुमच्या फोनमध्येही ग्रुप आहेत

"आमच्याकडे लॅपटॉपच नाही, मग हे कशाला वाचायचं?" असं वाटत असेल तर थांबा. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स कर्नलच आहे. फक्त तिथे युजर म्हणजे माणूस नाही, ॲप आहे. तुम्ही एखादं ॲप टाकलं की अँड्रॉइड त्याला वेगळा युजर नंबर देतं. ॲपचे हे नंबर १०००० पासून सुरू होतात. म्हणूनच एका ॲपला दुसऱ्या ॲपच्या खासगी फाइली वाचता येत नाहीत.

खात्री करायची असेल तर टर्मक्स नावाचं ॲप उघडा आणि नुसतं आयडी (आय आणि डी, दोन लहान अक्षरं) टाइप करून एंटर दाबा. येणाऱ्या ओळीत ग्रुपच्या यादीत ३००३ हा नंबर आणि त्याच्यापुढे आयनेट असं नाव दिसेल. हा इंटरनेट वापरणाऱ्यांचा ग्रुप. ॲपला इंटरनेटची परवानगी असली की अँड्रॉइड त्याला या ग्रुपमध्ये बसवतं. म्हणजे सभासदत्वाचा कारभार तुमच्या खिशातही चालू आहे, फक्त तो अँड्रॉइड स्वतः बघतं. लॅपटॉपवर तो तुम्हाला बघावा लागतो.

## प्रायमरी आणि सप्लिमेंटरी ग्रुप

प्रत्येक युजरचा एक मुख्य ग्रुप असतो, त्याला प्रायमरी ग्रुप म्हणतात. उबुंटू आणि डेबियनवर खातं उघडलं की त्याच नावाचा ग्रुप आपोआप तयार होतो. ताईचा प्रायमरी ग्रुपही ताई. ताईने नवीन फाइल बनवली की ती याच ग्रुपच्या नावावर जाते.

बाकी सगळे जोडलेले ग्रुप म्हणजे सप्लिमेंटरी. हे कितीही असू शकतात. पूर्वी लिनक्समध्ये एका युजरला ३२ ग्रुपचीच मर्यादा होती, कर्नल २.६.४ पासून ती ६५,५३६ झाली. घरच्या लॅपटॉपला तर दहा-बाराच्या पुढे काही लागत नाही.

## आज्ञा टाइप करण्याआधी

या लेखात आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या. वेगळं सांगितलेलं नसेल तिथे सगळी अक्षरं लहान. मोकळी जागा जिथे दाखवली आहे तिथेच सोडा. फार लागणाऱ्या आज्ञांचं स्पेलिंग असं:

- सुडो: एस, यू, डी, ओ
- युजरमॉड: यू, एस, ई, आर, एम, ओ, डी
- जीपासडब्ल्यूडी: जी, पी, ए, एस, एस, डब्ल्यू, डी
- ग्रुपॲड: जी, आर, ओ, यू, पी, ए, डी, डी
- गेटएंट: जी, ई, टी, ई, एन, टी
- चग्रुप: सी, एच, जी, आर, पी
- चमॉड: सी, एच, एम, ओ, डी
- एमकेडिर: एम, के, डी, आय, आर
- ईटीसी: ई, टी, सी

दादा, ताई, छोटू आणि अभ्यास या नावांच्या जागी तुमची नावं घाला.

## पायरी १: आधी बघा, मग बदला

कोण कुठल्या ग्रुपमध्ये आहे हे बघायला तीन आज्ञा पुरतात.

ग्रुप्स ताई
ताई ज्या ज्या ग्रुपमध्ये आहे त्यांची नावं येतात.

आयडी ताई
नावांबरोबर नंबरही येतात.

गेटएंट ग्रुप अभ्यास
उलट बाजूने बघायचं असेल तर ही. अभ्यास ग्रुपमध्ये कोण कोण आहे ते दिसतं. मात्र ज्यांचा हा प्रायमरी ग्रुप आहे त्यांची नावं या यादीत सहसा दिसत नाहीत, हे लक्षात ठेवा.

काहीही बदलण्याआधी यातली पहिली आज्ञा चालवून आलेल्या उत्तराचा फोनवर फोटो काढून ठेवा. पुढे याचा उपयोग कळेल.

## पायरी २: ग्रुप बनवा आणि सभासद जोडा

ग्रुप बनवायला:

सुडो ग्रुपॲड अभ्यास

ताईला त्यात घ्यायला दोन मार्ग आहेत. पहिला:

सुडो युजरमॉड -एजी अभ्यास ताई

इथे ए लहान आणि जी मोठा. ए म्हणजे 'आहे त्यात भर घाल' आणि मोठा जी म्हणजे 'सप्लिमेंटरी ग्रुपची यादी'. आधी ग्रुपचं नाव, मग युजरचं.

दुसरा मार्ग:

सुडो जीपासडब्ल्यूडी -ए ताई अभ्यास

इथे ए लहान, आणि क्रम उलटा: आधी युजर, मग ग्रुप. नवशिक्यांसाठी हाच मार्ग जास्त सुरक्षित. का, ते आता बघू.

## ती एक चूक: 'ए' विसरला तर?

पहिल्या मार्गात गडबडीत ए राहून गेला आणि नुसतं -जी टाइप झालं, तर लिनक्स कुठलीही तक्रार करत नाही. ते समजतं की तुम्हाला जुनी यादी रद्द करून नवीन यादी द्यायची आहे. मग अभ्यास सोडून बाकी सगळ्या सप्लिमेंटरी ग्रुपमधून त्या युजरचं नाव कमी होतं. दूध संस्थेत नाव लिहायला सांगितलं आणि कारकुनाने कारखान्यातून आणि सोसायटीतून नाव खोडून टाकलं, अशातला प्रकार.

ताईच्या बाबतीत हे घडलं तर फार बिघडत नाही. पण दादाने स्वतःवरच ही आज्ञा चालवली तर? दादा सुडो नावाच्या ग्रुपमध्ये आहे म्हणून त्याला लॅपटॉपवर सगळे अधिकार आहेत. तो त्या ग्रुपमधून बाहेर पडला की नवीन सॉफ्टवेअर टाकता येत नाही, सेटिंग बदलता येत नाही, आणि स्वतःला परत ग्रुपमध्ये घालताही येत नाही, कारण त्यासाठीही सुडोच लागतं. घराची किल्ली आत ठेवून दार ओढून घेतल्यासारखं.

असं झालंच तर घाबरू नका, या क्रमाने जा:

1. लॉगआउट करू नका. चालू सत्राला जुनं सभासदत्व अजून आठवत असतं. त्यामुळे त्याच टर्मिनलमध्ये सुडो बहुतेक वेळा चालतं. लगेच सुडो जीपासडब्ल्यूडी -ए दादा सुडो चालवा.

2. जुनी नोंदवही बघा. /ईटीसी/ग्रुप बदलताना या आज्ञा आधीची प्रत त्याच जागी जपून ठेवतात. तिचं नावही ग्रुपच, फक्त शेवटी एक डॅश. ग्रेप दादा /ईटीसी/ग्रुप- असं चालवलं की आधी दादाचं नाव कुठे कुठे होतं ते कळतं. पण ही प्रत फक्त शेवटच्या बदलाच्या आधीची असते. म्हणून दुसरा कोणताही बदल करायच्या आधी, अगदी पहिल्या पायरीतली दुरुस्ती करायच्याही आधी, ही यादी बघून घ्या. आधी काढलेला फोटो असेल तर प्रश्नच नाही.

3. लॉगआउट झालंच असेल तर रिकव्हरी मोड. उबुंटू सुरू होताना शिफ्ट दाबून ठेवा, नवीन लॅपटॉपवर एस्केप. येणाऱ्या यादीत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग रिकव्हरी मोड, मग रूट निवडा. तिथे आधी माउंट -ओ रिमाउंट,आरडब्ल्यू / ही आज्ञा द्या, म्हणजे डिस्कवर लिहिता येईल. मग युजरमॉड -एजी सुडो दादा. रीस्टार्ट केलं की दादा परत मालक.

आणि कायमचा उपाय: घरच्या लॅपटॉपवर अधिकार असलेलं आणखी एक खातं ठेवा. एकाचा घोळ झाला तर दुसऱ्याकडून दुरुस्त होतो.

## जोडलं, तरी चालत नाही?

हा सगळ्यात जास्त पडणारा प्रश्न. आज्ञा बरोबर दिली, नोंदवहीत नाव आलं, तरी 'परवानगी नाही' येतंच राहतं. कारण सोपं आहे. लिनक्स तुमच्या ग्रुपची यादी लॉगिनच्या वेळी एकदाच वाचतं. नंतर नोंदवहीत झालेला बदल चालू सत्राला कळत नाही.

तपासायची युक्ती अशी. ताईच्या खात्यातून आधी आयडी ताई चालवा, मग नुसतं आयडी. पहिलं उत्तर नोंदवहीतलं, दुसरं चालू सत्रातलं. पहिल्यात अभ्यास आहे आणि दुसऱ्यात नाही, तर फक्त लॉगआउट करून परत लॉगिन करा. तरीही फरक पडला नाही तर सरळ रीस्टार्ट. घाई असेल तर त्याच टर्मिनलमध्ये न्यूजीआरपी अभ्यास असं टाइप करा (एन, ई, डब्ल्यू, जी, आर, पी). तेवढ्या टर्मिनलपुरतं काम होतं.

## पायरी ३: सगळ्यांचं एक फोल्डर

ग्रुप तयार झाला, आता त्याला जागा देऊ.

सुडो एमकेडिर /एसआरव्ही/अभ्यास
सुडो चग्रुप अभ्यास /एसआरव्ही/अभ्यास
सुडो चमॉड २७७० /एसआरव्ही/अभ्यास

पहिल्या ओळीने फोल्डर बनलं, दुसरीने ते ग्रुपच्या नावावर झालं. तिसरीतले आकडे वाचायला शिका. (टर्मिनलमध्ये आकडेही इंग्रजीच.) पहिला ७ मालकाला सगळे हक्क देतो, दुसरा ७ ग्रुपला सगळे हक्क, आणि ० म्हणजे बाहेरच्यांना काहीच नाही. सुरुवातीचा २ महत्त्वाचा: या फोल्डरमध्ये कोणीही नवीन फाइल बनवली तरी ती अभ्यास ग्रुपच्याच नावावर जाते. हा २ विसरला तर ताईची फाइल ताईच्याच ग्रुपमध्ये जाईल आणि छोटूला ती बदलता येणार नाही.

एक बारीक गोष्ट. बाहेरची फाइल या फोल्डरमध्ये हलवली तर ती आपला जुना ग्रुप घेऊनच येते. कॉपी केली तर नव्या फोल्डरचा ग्रुप लागतो. म्हणून इथे हलवू नका, कॉपी करा.

## कोणता ग्रुप कशासाठी?

उबुंटू आणि डेबियनवर काही ग्रुप आधीपासूनच असतात. नेहमी लागणारे हे:

- डायलआउट: यूएसबीवरून अर्डुइनोसारखे बोर्ड वापरायला. ताईचं ओलाव्याचं सेन्सर अर्डुइनोवर आहे. तिला सुडो द्यायची काहीच गरज नाही, डायलआउटमध्ये नाव घातलं की काम झालं.
- एलपीॲडमिन: प्रिंटर जोडायला आणि त्याची सेटिंग बदलायला. नुसती प्रिंट काढायला सहसा याचीही गरज नसते.
- एडीएम: सिस्टीमच्या नोंदी, म्हणजे लॉग, वाचायला.
- सुडो: सगळे अधिकार. फेडोरावर याच कामाच्या ग्रुपचं नाव व्हील आहे.
- डॉकर: नाव साधं, पण या ग्रुपमधला माणूस मनात आणलं तर पूर्ण लॅपटॉपचा ताबा घेऊ शकतो. याला सुडोइतकंच जपा.
- डिस्क: यात तर कोणालाच घालू नका. सभासदाला फाइलच्या परवानग्या ओलांडून थेट डिस्क वाचता-लिहिता येते.

नियम एकच: कामापुरता हक्क. सेन्सर चालवायचं तर डायलआउट, पूर्ण किल्ल्या नाहीत.

## सभासद कसा काढायचा?

छोटूची परीक्षा झाली, आता त्याला या फोल्डरची गरज नाही:

सुडो जीपासडब्ल्यूडी -डी छोटू अभ्यास

डेबियन-उबुंटूवर डेलयुजर छोटू अभ्यास अशीही आज्ञा आहे. पण सांभाळून. त्यात शेवटचं ग्रुपचं नाव टाकायला विसरलात तर ती ग्रुपमधून काढत नाही, छोटूचं पूर्ण खातंच काढून टाकते. म्हणून सवय जीपासडब्ल्यूडीचीच लावा.

दुसरी गोष्ट, काढल्यावरही चालू सत्रात छोटूचा जुना हक्क टिकून राहतो. तो लॉगआउट झाल्यावरच बदल लागू होतो. शाळेच्या किंवा अभ्यासिकेच्या लॅबमध्ये कोणाला काढायचं असेल तर आधी त्याचं सत्र बंद झालंय ना, हे बघा.

पूर्ण ग्रुपच नको असेल तर सुडो ग्रुपडेल अभ्यास. हा ग्रुप कोणाचा प्रायमरी असेल तर लिनक्स नकार देतं. ग्रुप गेला तरी फाइली जात नाहीत. त्यांच्यापुढे नावाऐवजी नुसता नंबर दिसायला लागतो.

## वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वेळी दादालाच बोलवावं लागतं का?
नाही. सुडो जीपासडब्ल्यूडी -ए ताई अभ्यास, पण यातला ए मोठा. मग ताई त्या ग्रुपची ॲडमिन होते आणि सुडो नसतानाही त्यात सभासद जोडू किंवा काढू शकते, अगदी व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनसारखं. लहान ए म्हणजे सभासद, मोठा ए म्हणजे ॲडमिन. गल्लत करू नका.

फोनवर सराव करता येईल का?
हो. टर्मक्समध्ये प्रूट-डिस्ट्रो वापरून उबुंटू टाकता येतं. तिथे ग्रुप बनवा, जोडा, नोंदवही वाचा. खऱ्या लॅपटॉपसारखी अडवणूक तिथे होणार नाही, पण आज्ञा हाताला बसतील आणि चुकलं तरी काही बिघडणार नाही.

बॉस लिनक्सवर हे चालेल का?
चालेल. सी-डॅकने बनवलेलं बॉस डेबियनवरच आधारलेलं आहे, त्यामुळे आज्ञा त्याच.

मराठीतून अजून शिकायचं असेल तर?
आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे मराठी आवाजातले व्हिडिओ मोफत आहेत.

## जाता जाता

तर मित्रांनो, दादाच्या घरी आता पासवर्ड एकट्या दादाकडेच आहे. ताईचं सेन्सर चालतंय, छोटूला नोट्स मिळतायत, आणि कोणाला कशात घेतलंय हे नोंदवहीच्या एका ओळीत दिसतंय. एंटर दाबण्याआधी एवढंच बघा: डॅशनंतर लहान ए आहे ना?